सपाट रस्त्यावरचा काटा

हे नवऱ्याला माहीत नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? – तेही मला नीट माहीत नाही. पण आता सुरुवात केली आहे, तर सांगून टाकते.

आमचे तीन ट्रक आहेत. उभे असतात वडाळ्याला, आम्ही राहतो काळाचौकीला. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून सुकी मासळी भरायची आणि कोल्हापूरला पोचवायची, हा आमचा मुख्य धंदा. तो सुरू केला माझ्या सासऱ्यांनी. नवरा नोकरीत रमला, म्हणून ड्रायव्हर, टायर, पोलीस, गॅरेज हे सगळं माझ्या अंगावर आलं आणि मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

सासऱ्यांना आम्ही पप्पा म्हणतो. सत्तरीला टेकले तरी कोल्हापूरची खेप ते स्वतः मारायचे. त्यांच्या शेजारी बसलं की गिअर कधी पडला ते कळायचं नाही. पुढचा रिक्षावाला कुठे वळणार, हे रिक्षावाल्याच्या आधी त्यांना कळायचं. ब्रेकला पाय लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. आणि गर्व? तो तर पोत्याने. "माज्या गाडयेत सुको बोंबील पण झोपता," असं चार लोकांत सांगायचे. चिडवायला मी म्हणायचे, तो मेलेला असतो पप्पा. पण खरं तर त्यांच्या गाडीत मलाही झोप लागायची, आणि मला कुठल्याच गाडीत झोप लागत नाही.

आता थोडं इंजिनाबद्दल सांगावं लागेल. त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

डिझेल ट्रकला टर्बो असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम हवेच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो, आणि तो इंजिनात जास्तीची ताजी हवा कोंबतो. त्या कोंबलेल्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. घाट चढताना पाय दाबला की बूस्ट चढतो. सपाट हायवेवर, एका लयीत गाडी चालली असेल, तर इंजिनाला फार ताकद लागतच नाही – बूस्ट खाली बसतो. खाली बसलेलाच चांगला. डिझेल वाचतं, टर्बो टिकतो. ज्याचा पाय अस्वस्थ, जो उगाच दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो, त्याचा काटा सपाट रस्त्यावरही नाचतो.

हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं. डिझेल कोण उडवतंय ते कळावं म्हणून नव्या गाडीत बूस्टचा काटा मीच बसवून घेतला होता.

त्याच सुमाराला मला एक गोष्ट खुपत होती. मच्छीमार नगरात मी माल भरायला उभी राहिले, की बायका माझ्या खांद्यावरून मागे बघायच्या. "म्हातारा नाय आला? मंग उद्या भरू." भाडं मी ठरवणार, गाडी मी पाठवणार, रस्त्यात बंद पडली तर मेकॅनिक मी शोधणार – आणि मालक कोण, तर म्हातारा. कोल्हापूरचे व्यापारीही फोन त्यांनाच करायचे. मला पप्पांचा राग यायचा. त्यांनी काहीही केलेलं नसताना यायचा.

सरळ म्हणता आलं असतं ना – पप्पा, आता थांबा, धंदा माझ्या हातात द्या? पण त्यांनी विचारलं असतं, का गो? नजर चांगली, हात स्थिर, गाडीला कधी ओरखडा नाही. 'मला हवाय म्हणून' हे उत्तर होतं, आणि ते तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.

मग नव्या गाडीच्या एका खेपेला, पप्पांच्या पायाखाली काटा कसा चालतो ते बघायला मी बरोबर गेले होते. दुसरा ड्रायव्हर मागच्या बाकावर घोरत होता. खंडाळ्याच्या घाटात काटा झोकात वर गेला. पप्पा लहान मुलासारखे खूष झाले. पुढे साताऱ्यानंतर रस्ता मोकळा मिळाला. गाडी गच्च भरलेली, एका वेगात चाललेली, आणि काटा तळाशी बसला – हललासुद्धा नाही. मैलोनमैल. इतका शांत काटा मी कुणाच्याच पायाखाली बघितला नव्हता, नंतरही नाही. मी अक्षरशः बघत राहिले.

आणि त्यांनी विचारलं, "काय गो, काटो खाली कित्याक बसलो?"

एवढंच. साधा प्रश्न होता. हयात बिनकाट्याच्या गाड्यांवर गेली होती त्यांची, नव्या गोष्टीचं त्यांना माहीत नव्हतं, आणि माझ्यावर विश्वास होता. मी काय सांगायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. पप्पा, असा पाय मी जन्मात बघितला नाही – हे माझ्या ओठावर होतं का? होतं, वाटतं.

मी म्हटलं, "पाय कमी पडतोय, पप्पा. दाब बसत नाहीये. वयाने होतं असं."

थोड्या वेळाने त्यांनी मुद्दाम पाय दाबला, काटा वर आला. पुन्हा लयीत आले, पुन्हा खाली. दोनतीनदा केलं तसं. मग सोडून दिलं.

कोल्हापूरला माल उतरला आणि परतीला त्यांनी किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात ठेवली. तो पोरगा म्हणजे नुसता दणादणा पाय. रिकामी गाडी, सपाट रस्ता, तरी काटा वर-खाली, वर-खाली. मी मधे बसले होते. पप्पा डावीकडे, खिडकीला. बऱ्याच वेळाने काट्याकडे बोट दाखवून ते मला हळूच म्हणाले, "बघ, तरण्या पायाची गोष्टच वेगळी."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. फोन माझ्याकडे यायला लागले, मच्छीमार नगरातल्या बायका मला चहा देऊ लागल्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि धंदाही मी चांगला चालवते – त्याबद्दल मला अपराधी वगैरे वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पप्पा जिन्यावर कठडा धरून उतरतात आता. उजव्या पायाला रोज तेल चोळतात. आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात, "माज्या सुनेन पकडल्यान. डॉक्टराक कळला नसता." डॉक्टरला कळणार कसं? पाय धडधाकट आहे.

यंदा गणपतीआधी मंडळाची माणसं घरी आली. विसर्जनाचा ट्रक पप्पांनी चालवावा म्हणून. माणसांच्या गर्दीतून, चालण्याच्या वेगाने, एवढी मोठी मूर्ती एकही हिसका न बसता न्यायची – असा पाय आख्ख्या काळाचौकीत दुसरा नाही, असं त्यांचा अध्यक्ष म्हणाला. पप्पांचा चेहरा उजळला. मग त्यांनी मान हलवली. "पाय भरवशाचो नाय रे. देवाच्या गाडयेक धोको नको."

अध्यक्ष माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात."

सगळे माझ्याकडे बघत होते. पप्पाही. माझं खरंच ऐकतात ते.

मी म्हटलं, "नको, भाऊ. त्यांना नाही झेपणार."

पप्पांनी सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्याकडे बघून हसले.