स्पष्टवक्ता

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान बोलण्यात जितके गरीब होते, तितकेच लिहिण्यात आडदांड होते. एकाच सदऱ्यात अशी दोन माणसं नांदताना मी पुन्हा कुठं पाहिली नाहीत. सोलापूरच्या एका मिलमध्ये ते टाइमकीपर होते. तिथं कामगार उशिरा आला, तर त्याच्याऐवजी हेच ओशाळत. न्हाव्यानं एका बाजूचा कल्ला अर्धा इंच वर घेतला तरी आरशात बघून "असू दे, चालतंय की" म्हणत आणि पंधरा दिवस तसेच हिंडत. अक्काच्या आमटीत मीठ जास्त पडलं तर हे मुकाट्यानं भाकरी वाढवत. "अहो, खारट झालीय तर सांगायचं की," असं अक्का म्हणाली, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "तुला कशाला उगं वाईट वाटून घ्यायला लावायचं."

हेच दाजी संध्याकाळी पेठेतल्या वाचनालयात जात आणि दाराशेजारी सुतळीनं बांधलेली सूचनावही उघडून कुणाचा तरी मुडदा पाडत. वहीला सुतळीनं बांधलेली पेन्सिल बोथट असे, म्हणून दोन्ही बाजूंनी टोक काढलेली स्वतःची पेन्सिल ते खिशात ठेवत. वहीत नाव लिहिण्याची सक्ती नव्हती. दाजी खाली 'स्पष्टवक्ता' अशी सही करत. कुणी 'पंखा दुरुस्त करावा' असं लिहिलं, की खाली स्पष्टवक्त्याचं असे, 'पंखा सुस्थितीत आहे, बिघाड बटणात आहे. आधी पाहावे, मग लिहावे.'

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. मी नोकरीला लागून अक्काकडंच राहत होतो आणि रोज दाजींबरोबर वाचनालयात जात होतो. त्या सुमारास एका मासिकातलं पाककृतीचं पान कुणीतरी फाडून नेलं. 'पान परत करावे' अशी साधी सूचना वहीत आली. तिच्याखाली 'एक वाचक' अशा सहीनं कुणी लिहिलं की त्या पानातली शेंगाचटणी पाट्यावर वाटायला सांगितली होती आणि ते योग्यच होतं. दाजींनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग उभ्याउभ्या दीड पान लिहून काढलं, की शेंगाचटणी उखळात कुटतात, वाटतात तो लगदा. यानंतर ही चटणी चौदा पानं चालली. कुणी विचारलं, आपलं मूळ गाव कोणतं. कुणी लिहिलं, कानडी मुलुखातल्यांनी आम्हाला शिकवू नये. कुणी बजावलं, विषय चटणीचा आहे, जातीवर जाऊ नये. त्याखाली लगेच, जात आधी कोणी काढली, पान अकरा पाहावे. एक गृहस्थ प्रत्येक मजकुराखाली नुसतं 'सहमत' लिहीत, परस्परविरोधी मजकुरांखालीसुद्धा. शेवटी ग्रंथपालांनी वहीवर चिठ्ठी डकवली, 'व्यक्तिगत लिहू नये.' त्यावर 'व्यक्तिगत' बरोबर की 'वैयक्तिक' यासाठी आणखी तीन पानं गेली. पाककृतीचं पान काही परत आलं नाही.

स्पष्टवक्ता आणि एक वाचक यांचं मात्र जमलं ते जमलंच. वर्तमानपत्राच्या घडीपासून पिण्याच्या पाण्याच्या माठापर्यंत एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं खोडायचं. वाटेत दाजी मला म्हणत, "हा एक वाचक म्हंजे लई हेकट माणूस बघ. एकदा समोर आला पायजे." समोर आला असता तर दाजींनी त्याला आधी बसायला खुर्ची दिली असती, हे मला ठाऊक होतं. किंबहुना ती ते रोज देतच होते.

कारण एक वाचक म्हणजे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले हे विधुर गृहस्थ वाचनालयात दाजींच्या शेजारच्याच खुर्चीवर बसत. दाजींना साऱ्या सोलापुरात जिवाभावाचा म्हणावा असा हा एकच माणूस. दोघं एक वर्तमानपत्र अर्धं अर्धं वाचत, पान बदलताना "झालं का तुमचं?" एवढं विचारत आणि हवापाण्याबद्दल जे काही बोलत त्यावर दोघांचं एकमत असे. मास्तरांनी एकदा मला एका पुस्तकाचं नाव कागदावर लिहून दिलं. त्यातल्या 'ळ'ची शेपटी बघितली आणि मी ओळखलं. दाजींनी ओळखलं नाही, कारण ते अक्षर बघत नसत, चूक बघत. शिवाय दाजी मास्तर यायच्या आधी लिहीत आणि मास्तर दाजी गेल्यावर, त्यामुळे दोघांनी एकमेकांना लिहिताना कधी पाहिलं नव्हतं. मी दोघांनाही काही सांगितलं नाही. मला गंमत वाटत होती. दोन वर्षं मी ती गंमत बघत बसलो.

मग एकदा मास्तरांनी वहीत लिहिलं की वर्तमानपत्राची पानं सुटी करून ठेवावीत, म्हणजे अनेकांना वाचता येतील. सूचना शहाणपणाची होती. दाजींना त्यात खोडण्यासारखं काही सापडेना, म्हणून त्यांनी लिहिणाऱ्यालाच खोडलं. 'ज्यांना घरी कोणी विचारीत नाही, अशी मंडळी येथे येऊन जगाला अक्कल शिकवितात. — स्पष्टवक्ता.' खाली तीन 'सहमत' पडले.

दुसऱ्या दिवशी मास्तर वहीपाशी उभे राहून ते वाचत होते. मास्तर मुलाकडं राहत आणि सून ताट झाकून ठेवून शेजारी निघून जाते, हे त्यांनी कधीतरी सहज सांगितलं होतं. त्यांनी पेन्सिल उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि परत ठेवली. खुर्चीकडं न येताच ते गेले, ते पुन्हा आले नाहीत.

आठ दिवसांनी दाजी म्हणाले, "मास्तर दिसंनात रे. आजारी पडले की काय?"

मग मी सांगितलं. दाजी रस्त्यातच थांबले. त्यांनी विचारलं, "तुला कधीपासनं ठाऊक?"

"दोन वर्षं झाली."

ते पुढं चालू लागले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

दाजींनी वहीतच माफी मागितली. 'माझे वाक्य मी मागे घेतो. एक वाचक यांची क्षमा मागतो.' दोन दिवसांत खाली पान भरलं. 'इतक्या दिवसांनी जाग आली काय?' 'ही सूचनावही आहे, क्षमावही नव्हे.' 'वाक्य मागे घेतात की परत घेतात?' 'स्पष्टवक्ते घाबरले.' 'सहमत.' दाजींनी ते सगळं वाचलं आणि पहिल्यांदाच खाली काही लिहिलं नाही.

मास्तर बार्शीला लेकीकडं गेल्याचं कळलं. रविवारी दाजी मला घेऊन एसटीनं बार्शीला गेले. वाटेत काय बोलायचं ते त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलं. मास्तरांना इतका आनंद झाला, की त्यांना काय करावं सुचेना. लेकीला चहा टाकायला सांगून ते आपणहून बोलू लागले.

"तिकडं वहीत कुणीतरी लिहिलं होतं बघा माझ्याबद्दल. पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, बरोबरच लिहिलंय की. घरात कोण बोलत होतं माझ्याशी? म्हणून लेकीनं बोलावलं तसा आलो."

मी दाजींकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलले. आयुष्यभर त्यांनी बरोबर वाक्यंही खोडली होती, आणि 'बरोबरच लिहिलंय' हे एक चुकीचं वाक्य समोर बसलं होतं.

"चहा चांगला झालाय," दाजी म्हणाले.

त्यानंतर दाजी दर महिन्याला बार्शीला जात. परतल्यावर मी विचारी, "सांगितलंत का?" ते चप्पल काढता काढता म्हणत, "विषय निघाला न्हाई." वाचनालयात ते जात राहिले, पण वहीकडं फिरकले नाहीत. तिथं दुसऱ्या कुणीतरी 'स्पष्टवक्ता' अशी सही करायला सुरुवात केली होती.

दीड वर्षानं मास्तर वारल्याचं कार्ड आलं. दाजींनी ते वाचून अक्काकडं दिलं. ती आत गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते सावकाश म्हणाले,

"मागच्या खेपेला एसटीपर्यंत पोचवायला आले होते. म्हणाले, टाइमकीपर, इतक्या वर्षांत आपलं एकदाबी भांडण झालं न्हाई, बघा. असा माणूस मिळायला नशीब लागतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"व्हय म्हणालो."