वामनभाऊंच्या नावानं बोललो ते

वामनभाऊंच्या शोकसभेत सगळ्यात जास्त वेळ मी बोललो. युतीतल्या दोन्ही पक्षांची माणसं समोर बसली होती, काहींनी डोळे पुसले. खाली उतरलो तर कोणीतरी हात धरून म्हणालं, सुधाकरराव, मनापासून बोललात. मनापासून! मनात जे होतं त्यातलं एक अक्षर त्या दिवशी बाहेर आलं नाही. पुढेही आलं नाही. बायकोजवळ नाही, देवापुढे नाही. आज तुमच्यापुढे बसलोय, तरी बघा — सुरुवात कुठून केली? शोकसभेपासून. म्हणजे जिथं काही बोलून उपयोग उरला नव्हता, तिथून.

थोडं मागं जातो.

मी मूळचा कोरपन्याकडचा. घरी कापूस. आलापल्लीच्या वाटेवर एका गावात बियाणं-खताचं दुकान टाकलं आणि तिथलाच होऊन गेलो. दुकानापुढं एक बाक होता. वामनभाऊ त्यावर येऊन बसायचे, चहा सांगायचे आणि चहा येईपर्यंत दोघा-तिघांची कामं मार्गी लावायचे. कोणाचं रेशनकार्ड, कोणाचा वनहक्काचा पट्टा, कोणाचा तेंदूपत्त्याचा बोनस अडकलेला. आमच्या पक्षाचं त्या भागात कार्यालय नव्हतं. तो बाकच कार्यालय.

पक्ष आमचा लहान. सगळे आमदार एका जीपमध्ये मावतील एवढा. युतीतला दुसरा पक्ष मोठा. नाव घेत नाही, घेऊन काय करायचं? भाषणं दोघांची सारखीच — धर्म, परंपरा, देश. फक्त त्यांच्या सभेनंतर गाड्यांची रांग लागायची, आणि आमच्या सभेनंतर माणसं झाडाखाली बसून आपापली शिदोरी सोडायची. वामनभाऊंना त्याचं काही वाटत नसे. म्हणायचे, "मुंबईत कोणी कोणाच्या मांडीले मांडी लावून बसो. आपल्याले साहेबाच्या दारातून आत घेणारा माणूस पायजे, बस."

पलीकडं जंगलात माडिया आदिवासींची काही गावं होती. वामनभाऊ तिथं वर्षानुवर्षं जात होते. मोटरसायकल नाल्याच्या अलीकडं ठेवायची आणि पुढं पायी. माडिया भाषा त्यांना चांगली यायची, त्या लोकांत बसून ते हसायचेही तसेच. त्यातल्या एका गावात सोमीबाई. नवरा गावचा पुजारी होता, तो वारल्यावर गाव तिचंच ऐकायचं. एकदा पुराच्या दिवसांत तिची सून बाळंतपणात अडली होती. वामनभाऊंनी चौघांना हाक मारली, खाटेवर घालून तिला हेमलकशाच्या दवाखान्यात पोचवलं. तेव्हापासून सोमीबाई त्यांना नुसतं भाऊ म्हणायची. आम्हीही भाऊच म्हणायचो. पण तिच्या तोंडी तो शब्द वेगळा वाजायचा. मला ते तेव्हाही ऐकू यायचं.

त्या गावाबाहेर त्यांच्या देवाचं ठाणं होतं. मोठी झाडं, लाकडी खांब, दगड. भिंत नाही, छप्पर नाही. मोठ्या पक्षाच्या तालुकाध्यक्षांच्या मनात आलं की तिथं सिमेंटचं देऊळ बांधावं. त्यात त्यांना वाईट काही दिसत नव्हतं. उलट आपण त्या लोकांवर उपकार करतोय असंच त्यांना वाटत होतं. युतीच्या बैठकीत सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. वामनभाऊ तेवढे म्हणाले, "त्यायचा देव आभाळाखाली राह्यते. त्याले छप्पर पायजे का, हे गावाले कोणी इचारलं?" कोणी विचारलं नव्हतं. विषय तिथंच राहिला. पण अध्यक्षांच्या मनात वामनभाऊ त्या दिवशी सलले ते सललेच.

मग निवडणूक आली, आणि जागावाटपात आमचा मतदारसंघ आमच्या लहान पक्षाकडं आला. मला उमेदवारी हवी होती. — हे मी थट्टेबाहेर कधी कबूलच केलं नाही. मी मुंबईला चकरा मारल्या, लोकांना भेटलो, आणि वामनभाऊंपासून ते लपवलं. उमेदवारी त्यांना मिळाली. मिळायलाच हवी होती. बाकावर पेढे वाटले, तेव्हा मी हसत हसत म्हणालो की मीपण मागितली होती बरं का, भाऊ. त्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला. "अरे सुधाकर, जंगलात तुले कोण ओळखते? वामनभाऊचा माणूस म्हणून ओळखते, बस!" सगळे हसले. मीही हसलो.

त्या हसण्यापायी मी पुढचं केलं का? तसं म्हटलं तर माझी बाजू थोडी हलकी होते. म्हणून म्हणत नाही. ते थट्टेनं बोलले होते, आणि खरं बोलले होते.

प्रचार चालू असताना एका दुपारी अध्यक्ष दुकानात आले. बियाण्याच्या पिशव्या उलटसुलट करून पाहिल्या. म्हणाले, "सुधाकरभाऊ, आम्ही युतीधर्म पाळूनच राह्यलो. पण हा माणूस निवडून आला, तं तुम्ही जन्मभर या बाकावर चहाच सांगत राहान." जिल्ह्याच्या समन्वय समितीत एक जागा आहे, असं सहज बोलल्यासारखं बोलले आणि निघून गेले. एवढंच. हे लक्षात घ्या — पुढं मी जे बोललो ते त्यांनी मला शिकवलेलं नव्हतं. ते त्यांना सुचलंही नसतं. ते सगळं माझं स्वतःचं आहे.

प्रचाराच्या शेवटी वामनभाऊ दुसऱ्या टोकाला अडकले होते. त्यांनीच मला फोन केला. "तू जाऊन ये सोमीबाईकडं. सांग, भाऊ येऊ नाई शकला, पण गावाच्या भरोशावर आहे." मी गेलो. सकाळची वेळ होती. सोमीबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मला पाहिलं तशी उठली, घोंगडी टाकली, पाणी दिलं. माझ्या मागं वाटेकडं पाहिलं आणि विचारलं, "भाऊ काऊन नाई आला?"

किती सोपं उत्तर होतं! तेच द्यायला तर मला पाठवलं होतं.

मी म्हणालो, "कसे येतीन, बाई? तिकिटासाठी तुमच्या देवाच्या जागेवर देऊळ बांधाले हो म्हणून बसले ते. आता तुम्हाले तोंड दाखवाची लाज वाटून राह्यली त्यायले."

मला वाटलं होतं ओरडेल, चार माणसं गोळा करेल. तिनं फक्त विचारलं, "तुले कोणं सांगतलं?" मी म्हणालो, "मी त्यायचाच माणूस आहो, बाई. मले नाई सांगणार, तं कोणाले सांगणार?" मग मात्र तिनं मान खाली घातली. तिचा विश्वास बसला. माझ्यावर नाही — माझ्यावर तो कधीच नव्हता. वामनभाऊंचा माणूस खोटं बोलणार नाही, यावर बसला. ती पुन्हा फुलं पसरायला लागली. थोडा वेळ पसरली, मग हात पुसून आत निघून गेली. मी पाणी पूर्ण प्यायलो, तांब्या जागेवर ठेवला आणि निघालो. वाटेत वामनभाऊंना फोन लावून सांगितलं — निरोप दिला, काळजी नको.

वामनभाऊ थोडक्या मतांनी पडले. तिसऱ्याच पक्षाचा माणूस निवडून आला. कुठल्या केंद्रावर काय झालं ते हाती आलं, तेव्हा दिसलं की जंगलातल्या गावांनी दुसऱ्या कोणालाही मत दिलं नव्हतं. ती माणसं मतदानाला आलीच नव्हती. वामनभाऊंनी ते आकडे बाकावर बसून पाहिले. मग म्हणाले, "मोठ्या पक्षानं दगा देल्ला असता, तं मी समजलो असतो रे. पण माह्या गावायनं? सोमीबाईनं?" त्यांनी बाहीनं डोळे पुसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो? "जाऊ द्या भाऊ, लोक असेच असतात."

लोक असेच असतात — हे मी म्हणालो!

त्यानंतर ते त्या गावांकडं गेले नाहीत. बोलावणं आलं नाही, आणि बोलावण्याशिवाय जायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांची वाट गावं पाहत नव्हती, कारण गावांना वाटत होतं की भाऊंनी आपल्याला विकलं. आणि यांना वाटत होतं की गावांनी आपल्याला टाकलं. दोन्हीकडं उगाच दुखणं चाललेलं. मध्ये मी. एका वाक्याचं काम होतं.

राज्यात सरकार युतीचं आलं. मला समन्वय समितीतली जागा मिळाली. देवळाला निधी मिळाला. भूमिपूजनाची बातमी कानावर आली, तेव्हा वामनभाऊ म्हणाले, "करू दे. आता मले काय त्याचं?" पूर्वीचे वामनभाऊ त्या वाटेवर आडवे झोपले असते. मी गळ्यात युतीचा पंचा घालून मांडवात बसलो. समोर गाव उभं होतं. सोमीबाई सगळ्यांच्या मागं होती आणि सारखी वाटेकडं पाहत होती. भाऊ येतो का, अडवतो का, हेच ती पाहत असणार. भाऊ आले नाहीत. गावाला आणखी पुरावा कशाला हवा होता? माझं खोटं आपोआप खरं झालं. मला ते पुन्हा सांगावंही लागलं नाही. देवळाच्या भिंती उभ्या राहिल्या आणि गावानं आपल्या देवाचे खांब उचलून जंगलात आणखी आत नेले.

आता वाटतं, इथंच थांबावं. इतकं सांगितलं तरी कबुली झाली, असं कोणीही म्हणेल. पण मी इथवर जे सांगितलं ते केवळ वाटेत लागणारं होतं. मला ज्याचं ओझं आहे, ते पुढं आहे.

काही वर्षांनी वामनभाऊंना पोटाचा कॅन्सर निघाला. चंद्रपूरला ठेवलं होतं. त्यांच्या मुली दूर दिलेल्या, वहिनी थकलेल्या. दवाखान्यात बहुतेक मीच असायचो. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. एका सकाळी सोमीबाई आली. एकटी. किती बस बदलल्या असतील कोण जाणे. एस.टी. स्टँडवर विचारत विचारत आली होती. पदराखाली पानांच्या द्रोणात मध. ती खाटेजवळ उभी राहिली. वामनभाऊंनी तिला ओळखलं — मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं की ओळखलं — आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. तिनं द्रोण उशाशी ठेवला. त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय ओढून घेतला नाही, पण वळलेही नाहीत.

ती बाहेर आली. मी मागोमाग गेलो. बाहेर माणसांची ये-जा चालू होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडं सरळ पाहून म्हणाली, "भाऊनं खरंच हो म्हणलं होतं का?"

ती एवढ्या लांब कशासाठी आली होती, ते मला त्या क्षणी कळलं. तिला 'नाही' ऐकायचं होतं. इतकी वर्षं तिनं मनात कुठंतरी तेवढी जागा शिल्लक ठेवली होती. मी 'नाही' म्हटलं असतं तर ती आत गेली असती. भाऊ वळले असते. मला दोघांनी काय केलं असतं? शिव्या दिल्या असत्या, थुंकले असते, बास. निवडणूक कधीच होऊन गेली होती. समितीतली जागासुद्धा राहिली नव्हती. मोठ्या पक्षाला आमची गरज संपली, तशी ती गेली. वाचवायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "हो, बाई."

ती हळूच म्हणाली, "बरं." आणि जिन्याकडं गेली. जिना उतरताना कठड्याला धरत होती.

मी आत आलो. वामनभाऊंनी भिंतीकडंच तोंड ठेवून विचारलं, "काय म्हणे ती?"

"काही नाई. विचारपूस."

"परत येते म्हणे का?"

"नाई," मी म्हणालो.

थोड्या दिवसांनी ते गेले. मध त्यांनी खाल्ला नाही, कोणाला फेकूही दिला नाही. अंत्ययात्रेला तालुका लोटला. मोठ्या पक्षाचे अध्यक्ष खांदा द्यायला पुढं होते. जंगलातल्या गावांतून कोणीही आलं नाही, आणि कोणीतरी माझ्याजवळच पुटपुटलं — ज्यांच्यासाठी जन्म घालवला, त्यांच्यातलं एक माणूस आलं नाही. मी मान हलवली.

सोमीबाई अजून आहे. परवा तिच्या गावचा एक माणूस दुकानात धानाचं बियाणं न्यायला आला होता. म्हणाला, आता डोळ्यांनी कमी दिसते, पण ऐकू चांगलं येते. नाल्यावर पूल झालाय. माझ्या दुकानापासून तिच्या दारापर्यंत आता गाडी जाते.

मी गेलेलो नाही.