वॉर्डाच्या हद्दीवरचा दोर

डिसेंबरचा पहिला रविवार. मंजूर रक्कम तीन लाख साठ हजार रुपये, महापालिकेच्या आमच्या वॉर्डासाठीच्या निधीतून. हजर होते नगरसेवक, महापालिकेचे इंजिनियर, ठेकेदार, आमच्या वस्तीतल्या क्लबचे सेक्रेटरी, तलावात मासे पाळणारी बौदी आणि मी. बौदी म्हणजे वहिनी. कोलकात्यात, बेहाल्याच्या आमच्या भागात तिला लहानथोर सगळे तसंच म्हणतात.

काम होतं तलावातली जलपर्णी काढण्याचं. इथे तिला कचुरीपाना म्हणतात. त्या वर्षी ती इतकी माजली होती की आमच्या गॅलरीतून पाणी दिसतच नव्हतं, नुसतं हिरवं मैदान. नियमाप्रमाणे मोजणीच्या कागदावर एका रहिवाशाची सही लागते. मी बँकेत नोकरीला आणि कुठल्याच पक्षाच्या सभेला न जाणारा, म्हणून मला बोलावलं. बरीच वर्षं इथे राहूनही सेक्रेटरींच्या लेखी मी 'बंबईवाले दादा' आहे. माझं गाव साताऱ्याकडचं, हे सांगणं मी कधीच सोडून दिलंय.

अडचण एकच होती. तलावाच्या बरोबर मधून दोन वॉर्डांची हद्द जाते. उत्तरेचा अर्धा भाग आमचा, दक्षिणेचा पलीकडच्या वॉर्डाचा. आमचा पैसा त्यांच्या पाण्यात खर्च झाला तर ऑडिटमध्ये आक्षेप येईल, असं इंजिनियर म्हणाले, आणि मला ते पटलं. मग या काठच्या विजेच्या खांबापासून त्या काठच्या देवळापर्यंत, प्लॅस्टिकची रिकामी पिंपं बांधून, पाण्यावर दोर ताणला गेला.

बौदीने एवढंच विचारलं की पलीकडचं काम कधी होणार. तिचा जाळीचा कप्पा दक्षिणेकडे होता. त्यात कातला आणि रुई, म्हणजे रोहू, वाढत होते. पौषात इथे लग्नं होत नाहीत, माघात एकदम निघतात. मासे ती त्यासाठीच राखून ठेवते. तिची वर्षाची कमाई त्या जाळीत होती. पलीकडचा निधी होळीनंतर येईल, असं तिला सांगण्यात आलं.

आठवडाभरात आमचं पाणी मोकळं झालं. सौ.ने गॅलरीत खुर्ची टाकली आणि म्हणाली, ‘‘अहो, बघा तरी, आकाश दिसतंय त्यात.’’ मलाही बरं वाटलं. कर भरतो त्यातलं काही डोळ्यांना दिसलं की बरं वाटतंच.

पुढच्या रविवारी सकाळी मोजणीला गेलो. इंजिनियरांनी टेप लावली, आकडे बरोबर आले. माझ्या मनात मात्र एक साधा हिशोब घोळत होता. एवढा पाला निघाला, तर गेला कुठे? काठावर ढीग नव्हता. गल्लीतून एकही लॉरी गेलेली कुणी पाहिली नव्हती. ठेकेदाराला विचारलं. त्याने न अडखळता दोराकडे बोट केलं.

दोराच्या पलीकडे जलपर्णीचा थर कमरेएवढा चढला होता. माणसांनी बांबूंनी ती ढकलली होती, उरलेलं काम उत्तरेच्या वाऱ्याने केलं होतं. ‘‘एस्टिमेटमध्ये पाण्याचा पृष्ठभाग मोकळा करणे असं लिहिलंय, दादा,’’ तो म्हणाला. ‘‘उचलून नेणे असं कुठे आहे?’’

मी इंजिनियरांकडे पाहिलं. ते टेप गुंडाळत होते. नगरसेवक म्हणाले, काळजी नको, पलीकडचं कामही याच ठेकेदाराला मिळणार आहे. मग तिथली जलपर्णी कुठे ढकलणार, असं मी विचारलं. सेक्रेटरी हसले. ‘‘फाल्गुनात वारा दक्षिणेचा होतो, दादा. आपल्याकडेच येणार. मग आपण पुन्हा निधी मागू.’’

हे कुणी दबक्या आवाजात सांगितलं असतं तर मी समजू शकलो असतो. पण ते बसची वेळ सांगावी तसं सांगत होते. पाच जणांत धक्का बसलेला मी एकटाच होतो.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर माणसं जमताना दिसली. आम्ही वळसा घालून गेलो. त्या थराखाली हवा कोंडून बौदीचे मासे पहाटे मेले होते. जाळीतून बाहेर पडायला त्यांना वाट नव्हती. पांढरी पोटं वर करून ते पाल्यात अडकले होते, आणि बौदी गुडघाभर चिखलात उभी राहून एकेक काढत होती. ती रडत नव्हती. मला पाहून म्हणाली, ‘‘दादा, तुमच्या बाजूचं पाणी छान दिसतंय.’’

मी सही केली नाही. सेक्रेटरींनी विचारलं, सही नाकारून मासे जिवंत होणार आहेत का? मी म्हटलं, नाही. मग रहिवासी म्हणून त्यांनीच सही केली. तेही रहिवासीच आहेत, नियमात बसतं.

दुपारी वास सुटल्यावर वस्तीत ओरड झाली आणि मेलेले मासे उचलायला लॉरी आली. ठेकेदाराचीच होती. त्या अख्ख्या कामात गल्लीत आलेली ती एकमेव लॉरी. मासे खाजगी मालकीचे, म्हणून त्यांची विल्हेवाट मालकाच्या खर्चाने.

महापालिकेने ठेकेदाराला दिले तीन लाख साठ हजार, पूर्ण. बौदीला कुणी काही दिलं नाही. लॉरीचे बावीसशे रुपये तिने ठेकेदाराला दिले, रोख. मी अर्धे पुढे केले होते. तिने घेतले नाहीत.