कोनाड्यातली मृदंगवाली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय — कदाचित एवढंच.

सातवीत शाळा सोडली आणि विट्याकडची पोरं जातात तसा गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात शिरलो. आता मदुराईत आहे. या शहरानं मला जेवू घातलं, उपकार आहेत. पण गावाकडचा फोन वाजला की अजून लगेच उचलत नाही. का?

आमच्या महादेवाच्या दाराशेजारी कोनाड्यात चुन्यात घडवलेली एक बाई आहे, मृदंग वाजवणारी. मधे बरीच वर्षं तिला चेहराच नव्हता. जत्रेसाठी कोनाडा घासताना गुरवअण्णांनीच तो घालवला, असं गाव म्हणायचं. पोरं ओरडायची, "आवं अण्णा, पिंड तरी ठेवलीय न्हवं जाग्यावर?" अण्णा खाली मान घालून बेल निवडत बसायचे. मीही हसायचो. — हो, हसायचो.

मग गावच्या एका शिक्षिकेनं जुन्या देवळांच्या फोटोंचा साठा इंटरनेटवर सुरू केला. कुणीही फोटो टाकावा, कुणीही बघावा. चुन्याचे कारागीर तो चेहरा पुन्हा घडवायला तयार होते, पण मूळ चेहरा बघितल्याशिवाय हात लावणार नव्हते. काय सांगू! गुवाहाटी, लुधियाना, कोची — जिथं जिथं आमची माणसं भट्टीपुढं बसलीत, तिथून लग्नांचे, जावळांचे फोटो आले. कुणाच्या फेट्यामागं तिचा खांदा, कुणाच्या करवलीमागं मृदंग. चेहरा कुठंच नाही.

तो माझ्या फोनमध्ये होता. जवळून, स्वच्छ. आणि कडेला माझा ॲसिडचा कॅन.

फोटोतला कॅन कापून टाकला. फोटो टाकला.

ती परत आली हो! तेच नाक, तीच गालातली हसरी खळी. हलगी कडाडली, म्हाताऱ्या नाचल्या, आम्ही दूरदूरची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडलो. सगळ्यांच्या फोटोंतून आमचं देऊळ उभं राहिलं होतं. आजही ते आठवलं की छाती भरून येते — हे खोटं नाही.

गावानं सत्काराचा नारळ मला गुरवअण्णांच्या हातून दिला. म्हणाले, "लय उपकार झालं रं गड्या. मरायच्या आधी माझी चूक भरून निघाली."

माझी चूक, म्हणाले ते! इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं.

ब्रशनं चेहरा जात नाही. आम्ही सोन्याचा मळ ॲसिडनं काढतो. मला वाटलं, जत्रेला हिलाही झळकवू. पहाटे आधी तिचा फोटो काढला, मग ओतलं. चुना फसफसला, हसणं विरघळत गेलं आणि मी पळालो.

सत्काराच्या दिवशी अण्णांच्या पाया पडलो. नारळ घेतला. आणि तसाच मदुराईच्या गाडीत बसलो.