कॅसेटमधून सुटलेला तुकडा

मैत्रिणींनो, आज दुपारी एक गाणं ऐकलं, तेव्हापासून मन लागत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हाची गोष्ट. आमच्या ह्यांना एका विलायती रॉक बँडच्या कार्यक्रमाची रेकॉर्ड फार आवडायची. स्टील प्लांटमधल्या मित्राकडून ती कॅसेटवर उतरवून घेतली. त्यातलं एक गाणं इतकं लांब, की मध्येच कॅसेटची बाजू संपली. पलटेपर्यंत एक तुकडा सुटला. पुढे मित्राची बदली झाली, रेकॉर्डही गेली.

कॅसेट त्या जागी आली, की हे शिटी वाजवून तुकडा भरायचे. दर वेळी वेगळी चाल.

"शिटी कुकरले शोभते, तुमाले नाही," मी म्हणायची.

"हास तू. पण इथं खरं काय वाजलं असन वं? एकदा तरी ऐकाले भेटलं पाहिजे."

नाही भेटलं. हे गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली.

आज इथेच भिलाईजवळ रिसालीला मुलीकडे होते. "आई, बाबांचावाला पूरा कॉन्सर्ट मिल गया!" म्हणत तिने फोनवर लावला. तो तुकडा आला. फक्त एक बासरी, तीही हळू. हजारो माणसं गप्प बसून ऐकत होती.

"कसं वाटलं?" मुलीने विचारलं. मी म्हटलं, "बंद कर."

ह्यांच्या आधी मी कधी जेवले नाही. आज ह्यांचं ऐकायचं राहिलेलं मी ह्यांच्याविना ऐकलं.

माणूस गेल्यावर त्याला हवं होतं ते हाती आलं, तर तुम्ही त्याचं काय करता?