त्यांचं टेन्शन, आमची जात

डॉक्टरनं मला ब्लाऊजचे हूक सोडायला लावले आन छातीला वायरी चिकटवल्या. तेलगावच्या शाळेत शिबिर होतं. निरनिराळ्या समाजाचं हृदय आन रक्तदाब तपासायला शहरातून पथक आलतं. पडदा एकच होता. तो शेजारच्या खाटंला, पाटलीणबाईला लावलेला. माझ्याभवती शिकाऊ पोरं उभी. मी वर पत्र्याकडं बघत पडलेली.

"हिचा बीपी बघा," डॉक्टर पोरांना म्हणाले. "अजून चाळिशीही नाही. ह्या लोकांचं रक्तच तसं. जातीतच असतं."

एक पोरगं हसलं.

माझी आई ह्या बीपीनंच गेली. कापूस येचता येचता तोंड वाकडं झालं, एक बाजू लुळी पडली. त्याच्या आधी दवाखान्यात गेलती, तर "तुमच्यात चालतंच हे" म्हणून माघारी धाडली. गोळी न्हाई, काय न्हाई.

डॉक्टर पडद्यामागं गेले. आवाज मऊ झाला. "वहिनी, बीपी वाढलाय. टेन्शन फार घेता. मीठ कमी करा, ह्या गोळ्या आजपासूनच सुरू करा."

माझ्याकडं नर्स आली ती सुई घेऊन. दंडाला रबर बांधलं.

मी हात वढून घेतला. वायरी उपटल्या. पदर घेऊन उठून बसले.

"डॉक्टर, त्यांचा बीपी टेन्शनचा आन माझा जातीचा, असं कावून?"

"तुला नाही कळायचं. जनुकांचा विषय आहे हा. तुमच्याच भल्यासाठी चाललंय."

"मग रिपोर्ट माझ्या हातात देनार का?"

"तसं नसतं. हे संशोधन आहे."

"मग रक्त बी न्हाई."

घरी सासू चिडली. "फुकट तपासत व्हते. मोठ्या मानसाच्या तोंडी कावून लागलीस?" दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून तालुक्याला गेले, रांग लावली, गोळ्या आनल्या.

आमच्या रक्तात कायतरी असंल बी. नसंल असं मी म्हणत न्हाई. पर ते शोधायचं तर आमाला जगवायसाठी शोधा, नावं ठिवायला नको.

पथक परत येनार हाय म्हणं. येऊ द्या. वस्तीतल्या बायांना मी घरोघर जाऊन सांगितलंय: आधी औषध, मग रक्त. आन त्या रक्तात काय निघालं ते आमच्या भाषेत, आमच्या तोंडावर सांगायचं. तवर एक थेंब मिळनार न्हाई.