सावकाशकाका आणि पहिला थांबा

सावकाशकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे, ते व्हॅनमधल्या पोरांनी पाडलेलं. त्यांची मुलगी रांगत होती तेव्हापासून काका शाळेची व्हॅन चालवत आले. पोरं चढताना त्यांचं 'सावकाश', उतरताना 'सावकाश', आणि दाराची कडी एकदा लावून झाली की ती पुन्हा ओढून बघायची. व्हॅन थांबली रे थांबली की आतली सगळी कार्टी त्यांच्या आधीच एका सुरात 'सावकाऽऽश' म्हणून ओरडायची. काका रागावल्याचं सोंग करायचे आणि गालातल्या गालात हसायचे. पुढे शाळेने स्वतःच्या बसगाड्या घेतल्या, व्हॅन गेली, पण नाव काही गेलं नाही. त्यांची बायकोसुद्धा रागात असली की त्यांना याच नावाने हाक मारायची.

ज्या वयात लोक चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कुरकुरतात त्या वयात काकांनी जड गाडीचा परवाना काढला. माल वाहणाऱ्या एका कंपनीत नोकरीही लागली. गाडी कसली? पुढे इंजीन आणि मागे नुसती लांबलचक सपाट पाठ. ना भिंती, ना छप्पर, ना दार. लाकूड, लोखंडी पाइप, यंत्रं, जे कुठल्याच बंद गाडीत मावत नाही ते या पाठीवर चढवायचं, रुंद पट्ट्यांनी आवळायचं, वर ताडपत्री घालायची आणि जपून पोचवायचं. पहिले काही महिने शिकाऊ. शिकवायला शेजारच्या सीटवर एक मुरलेले ड्रायव्हर बसायचे. सगळे त्यांना गाठमास्तर म्हणत. दुसऱ्याने बांधलेली गाठ त्यांनी आजवर एकदाही तपासल्याशिवाय सोडली नव्हती, म्हणून.

गाठमास्तरांनी काकांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे पहिला थांबा. माल भरून निघालं की थोडं अंतर गेल्यावर गाडी कडेला घ्यायचीच. धक्क्यांनी माल आपली जागा करतो, बसतो, आणि मघाशी घट्ट वाटलेले पट्टे सैल पडतात. खाली उतरायचं, गाडीभोवती फिरायचं आणि एकेका पट्ट्यावर तळहाताची थाप मारायची. आवळलेला पट्टा टण्णकन वाजतो. ढिला पट्टा वाजतच नाही.

काकांना हे इतकं आवडलं की विचारू नका. दाराची कडी पुन्हा ओढून बघणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगत होतं, की तुझी खोड हाच इथला नियम आहे.

घोडं अडलं ते पगारापाशी. शिकाऊपण संपत आलं तेव्हा ऑफिसातल्या मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. "काका, तीन प्रकार आहेत. एक बांधील पगार, माल असो नसो. दुसरा किलोमीटरमागे पैसे. तिसरा म्हणजे ज्या मालाचं जे भाडं मिळेल त्यात तुमचा हिस्सा. नीट विचार करून सांगा, कारण एकदा सांगितलं की वर्षभर बदलता येत नाही."

काकांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने बांधील पगार घेतला असता आणि निवांत झोपला असता. पण काकांना एक जुनं देणं फेडायचं होतं, आणि ते पैशाचं नव्हतं. त्यांची बायको हॉस्पिटलात आया होती, तीही कायम रात्रपाळीची. रात्रीचा भत्ता मिळतो म्हणून मुलगी लहान असताना तिने ती पाळी धरली, आणि मग ती सुटलीच नाही. संध्याकाळी काका घरात शिरायचे तेव्हा ती पायात चपला सरकवत असायची. एका घरात राहणाऱ्या दोन भाडेकरूंसारखा त्यांचा संसार चालला होता, भेट व्हायची ती उंबऱ्यात. आता तिची कंबर बोलायला लागली होती. रात्रभर पेशंटना कुशीवर वळवायचं आणि दिवसा उजेडात डोळ्यांवर पदर घेऊन झोपायचा प्रयत्न करायचा. ट्रकचा परवाना हातात आला त्या दिवशी काकांनी तिला शब्द दिला होता, "या नोकरीवर तुझी रात्रपाळी सुटणार." बांधील पगारात तो भत्ता भरून निघत नव्हता. सरळ हिशोब होता.

अशा वेळी सल्ला द्यायला माणसं कुठून कुठून उगवतात! इथे उगवला मेहुणा. तोही ड्रायव्हर, पण बंद कंटेनरवरचा. रविवारी आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि सुरू झाला.

"दाजी, डोळे मिटून किलोमीटर घ्या. माझ्याकडे बघा! दार लावलं, कुलूप घातलं, की सुसाट. जेवढं चाक फिरेल तेवढे पैसे. हिस्साबिस्सा कसला मागता? भाडं पडलं की बसा बोंबलत."

"पण यांची गाडी वेगळी आहे ना?" काकांच्या बायकोने विचारलं.

"ताई, गाडी ती गाडीच. सहाच काय, बारा चाकं असली तरी रस्त्यावरच चालते ना?"

मेहुण्याने काकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि काका चढले. व्हॅनच्या दिवसांपासून अंतर मोजायची सवय होतीच. रस्त्यांचे आकडे त्यांच्या डोक्यात भराभर जुळले आणि बेरीज अशी देखणी आली की मुलीनेसुद्धा पुस्तकातून मान वर काढली. बायकोने दुसऱ्याच दिवशी मुख्य सिस्टरांना सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून मला दिवसपाळी द्या. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा ती इतकी खुलली होती की काकांना आपल्यावरच खूश व्हावंसं वाटलं.

शिकाऊ म्हणून शेवटची फेरी लाकडाच्या फळ्यांची होती. फळ्या भरायला वखारीत सकाळ गेली. पट्टे टाकायला वेळ गेला, ताडपत्रीत वारा शिरून ती दोनदा उडाली, त्यात वेळ गेला. आजवर काकांना याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र गाडी उभी राहिली की ते सारखे घड्याळ बघत होते. चाक फिरत नाही, म्हणजे पैसा फिरत नाही. दार लावून सुसाट निघणारा मेहुणा त्यांना आठवला, आणि आपल्या गाडीला दारच नाही हेही पहिल्यांदा लख्ख कळलं. पण कळून काय करणार? मॅडमना सांगायचं अजून बाकी होतं, पण सिस्टरांना सांगून झालं होतं. गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढायचा, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं.

नेहमीचा पहिला थांबा आला. काकांनी शेजारी पाहिलं. गाठमास्तरांचा डोळा लागला होता. इतक्या महिन्यांत ते कधीही गाडीत झोपले नव्हते. आज झोपले, कारण काकांवर विश्वास बसला होता.

काकांनी गाडी थांबवली नाही.

आरशात मागून एक स्कूटर येताना दिसत होती. मागे बसलेल्या मुलीच्या गळ्यातला लाल स्कार्फ वाऱ्यावर उडत होता. ती स्कूटर बराच वेळ त्यांच्या मागे राहिली आणि मग कुठल्याशा गावाकडे वळून गेली. पुढे डिझेल भरायला काका पंपावर थांबले, उतरले, आणि सवयीने त्यांचा हात पट्ट्याकडे गेला. पहिला वाजला. दुसरा वाजला. तिसऱ्यावर थाप मारली आणि तो ओल्या फडक्यासारखा हातात आला. वरच्या थरातल्या फळ्या वीतभर बाहेर सरकल्या होत्या.

काही पडलं नव्हतं, कुणाला खरचटलंही नव्हतं. तरी काका तिथेच पंपाच्या कठड्यावर बसले. त्यांना तो लाल स्कार्फ दिसत राहिला. लपवायचं असतं तर पट्टा आवळून दोन मिनिटांत लपवता आलं असतं, पण काकांनी जाऊन गाठमास्तरांना उठवलं आणि सगळं सांगितलं.

गाठमास्तरांनी खाली उतरून फळ्यांवर हात ठेवला. "का नाही थांबलास?"

"किलोमीटर मोजत होतो."

"अजून तो पगार सुरूही झाला नाही," गाठमास्तर म्हणाले, "आणि तू बदललास पण."

दोघांनी मिळून फळ्या सारख्या केल्या. निघाल्यावर काकांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही कुठला पगार घेता?"

"हिस्सा. बांधायला जितकं किचकट तितकं भाडं जास्त, म्हणजे उभं राहायचेही पैसे त्यात आले. पण माल नसला की मी हात हलवत घरी जातो, तेही ऐकून ठेव. माझ्यावरून ठरवू नकोस बाबा. एकदा दुसऱ्यावरून ठरवून बसलायस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका घरी पोचले तेव्हा बायको नेहमीप्रमाणे निघायच्या तयारीत होती. काकांनी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. स्कूटर, स्कार्फ, काही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, "किलोमीटर घेतले तर मी थांबणार नाही, हे मला आता कळलंय. बांधील पगार घेतला तर तू जन्मभर रात्री जागशील. हिस्सा घेतला तर... कधी मिळेल, कधी नाही. मी तुला शब्द दिला होता गं. मला लाज वाटते."

ती चपला घालायची थांबली. तिला वाईट वाटलं होतं आणि तिने ते लपवलंही नाही. "सिस्टरांसमोर आता मला शब्द गिळावा लागणार. त्या काय हसतील! आणि माझा भाऊ, त्याचं तर मी बघतेच." मग ती उंबऱ्यावरच टेकली. "अहो, मी रात्री पेशंटला वळवते ना, ते कुणी बघत नसतं. नाही वळवलं तरी सकाळपर्यंत कुणाला कळत नाही. पण मग त्याच्या पाठीला जखमा होतात. घाईत केलेलं काम मला माहीत आहे. तुम्ही तसं काम करून आणलेल्या पैशावर मला झोप लागेल होय?"

"मग?"

"मग हिस्सा घ्या. मी अजून थोडी जागते. पण माझी एक अट आहे. पहिल्या थांब्यावरून रोज मला फोन करायचा आणि थाप ऐकवायची. तुमचा काय भरवसा, सावकाशकाका!"

असं म्हणून ती हसली आणि बस चुकेल म्हणून पळाली. काका कितीतरी वेळ दारातच उभे राहिले.

"बांधील पगार लिहू ना?" दुसऱ्या दिवशी ऑफिसात मॅडमनी विचारलं. "नवीन माणसं तेच घेतात."

"हिस्सा लिहा. आणि मॅडम, जे बांधायला कुणी तयार होत नाही, तसं काही आलं तर मला द्या."

मॅडमनी पेन खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. अशी मागणी करणारा माणूस त्यांच्या टेबलासमोर बहुधा पहिल्यांदाच उभा होता.

सुरुवात काही चांगली झाली नाही. बांधकामं थंडावली होती, माल कमी होता. मेहुणा आला की मुद्दाम विचारायचा, 'दाजी, या महिन्यात चाक किती फिरलं?' काका मान खाली घालून जेवायचे. फोन मात्र चुकला नाही. थांब्यावर गाडी उभी करायची, फोन पट्ट्याला लावायचा आणि थाप मारायची. पलीकडे बसमध्ये उभी असलेली बायको ऐकायची आणि म्हणायची, "हा वाजला. पुढचा?" शेजारच्या बायकांना वाटायचं हिचा नवरा तबला शिकतोय.

मग एकदा एका बागेसाठी घसरगुंडी न्यायची होती. नळकांड्यासारखी, तीन वेटोळ्यांची. पट्टा कुठूनही टाकला तरी सटकायचा. दोघा ड्रायव्हरांनी तिला बघून नाक मुरडलं. काकांनी तिच्याभोवती आधी दोन चकरा मारल्या, जुन्या कांबळ्यांच्या घड्या करून वळणावळणात कोंबल्या आणि अर्धा दिवस खपून तिला अशी बांधली की गाठमास्तरांना सोडून पुन्हा बांधावी अशी एकही गाठ सापडेना. बागेत उतरवली तेव्हा तिच्यावर एक ओरखडा नव्हता. त्यानंतर वाकडंतिकडं काही आलं की मॅडम मान वर न करताच म्हणायच्या, "सावकाशकाकांकडे द्या." वाकड्या मालाचं भाडं मात्र सरळ आणि घसघशीत असायचं. महिने गेले, चांगले आठवडे वाईट आठवड्यांना पुरून उरायला लागले, आणि एके दिवशी बायको पुन्हा सिस्टरांपुढे जाऊन उभी राहिली. या वेळी तिला शब्द गिळावा लागला नाही.

तिच्या दिवसपाळीच्या पहिल्या दिवशी काका लांबच्या वाटेवर होते. गाडीवर कारखान्याचं एक अवजड यंत्र होतं. दिवस मावळायला आलेला, ती पूर्वी बस पकडायची तीच वेळ. पहिल्या थांब्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, फोन लावला आणि तो पट्ट्याजवळ धरला. फोन मुलीने उचलला, आणि ती कुजबुजली.

"बाबा, हळू बोला. आई झोपलीय."

"आत्ता?"

"जेवली आणि जरा आडवी होते म्हणाली. लगेच लागली. उठवू का? थाप ऐकायची म्हणत होती."

"नको, नको!" काका घाईने म्हणाले. आयुष्यात बहुधा दुसऱ्यांदाच घाईने. मग म्हणाले, "असं कर. फोन जरा तिच्याजवळ ने."

मुलगी हसली असावी. पावलं वाजली, आणि मग काकांच्या कानात बायकोचं घोरणं आलं. चांगलं खणखणीत, दिवसभर खपलेल्या माणसाचं. शेजारून कंटेनर सुसाट जात होते. काकांनी दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि ऐकत राहिले. डोळे भरून आले तेही त्यांनी पुसले नाहीत, तिथे बघायला कोण होतं?

पट्टे त्यांनी नंतर एकेक करून वाजवले. सगळे घट्ट होते. त्या दिवशीचा पहिला थांबा मात्र चांगलाच लांबला.